‘शिका’ला मुदत नाही!

बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, तेव्हा वयाची अट घातली नव्हती. तरीही आज आपल्या वस्त्यांत हा शब्द पदवीपाशी, फार तर स्पर्धा परीक्षेपाशी येऊन संपतो. नोकरी लागली की पुस्तके माळ्यावर जातात. नाही लागली तर शिक्षणावरचा विश्वासच उडतो. अभ्यासिकांत सनावळ्या पाठ होतात. त्या सनांमागे कोणाचे हितसंबंध होते, हे विचारायला कोणाला वेळ नसतो.

“इतिहास आणि कला शिकून पोट भरते का?” असे विचारणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्राचे वर्ग का केले? भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९१६ साली मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. ते फक्त ‘उपयोगाचा’ विषय शिकले असते, तर जातीच्या उगमाची ती चिकित्सा आपल्या हाती आली असती का?

त्या काळी अशा वर्गात बसायला समुद्र ओलांडावा लागे आणि शिष्यवृत्ती मिळवावी लागे. आज मोठ्या विद्यापीठांतली संपूर्ण व्याख्यानसत्रे ध्वनिचित्रमुद्रित होऊन फुकट उपलब्ध आहेत. येल विद्यापीठाने २००७ पासून असे अभ्यासक्रम खुले केले. आपल्याकडे ‘स्वयम्’ २०१७ पासून आहे; तिथे शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क पडते. मग रोज दोन-दोन तास मोबाईलवर घालवणाऱ्या आपल्या तरुणांपर्यंत हे का पोहोचत नाही?

एकच उदाहरण घेऊ. येलमध्ये जोनाथन हॉलोवे यांनी शिकवलेला, गुलामी संपल्यापासून आजपर्यंतच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचा अभ्यासक्रम २५ व्याख्यानांचा आहे. हा विषय आपल्याला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. अमेरिकेत १८७० साली घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेच्या चाचण्या आणि मतदान-कर लावून तो व्यवहारात काढून घेतला. कागदावरचा हक्क कागदावरच ठेवून कसा मारला जातो, हे ज्याला कळले, त्याला आरक्षणाच्या रिक्त जागांचे राजकारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र एकट्याने कानात इअरफोन घालून, वेग वाढवून ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे. ध्वनिमुद्रणाला प्रश्न विचारता येत नाही, आणि प्रश्न न विचारता ऐकले की प्राध्यापकाचा गुरू होतो. गुरुबाजी आपण एकदा नाकारली आहे. ती पडद्यावरून परत आणायची नाही. म्हणून विहारात एकत्र ऐका. दर पंधरा मिनिटांनी थांबवा, वाद घाला. वर्षावासात ग्रंथवाचनाला जमायची सवय आपल्याला आहेच. अश्विन पौर्णिमेनंतर दर रविवारी एक व्याख्यान ऐकले, तर पंचवीस व्याख्याने भीमजयंतीच्या सुमारास पूर्ण होतात. यासाठी देणगी लागत नाही, मंडप लागत नाही, डीजे तर मुळीच लागत नाही.

“इंग्रजी कळत नाही” ही अडचण खरी आहे. पण या व्याख्यानांच्या लिखित संहिता उपलब्ध आहेत, आणि येलचा परवाना श्रेय देऊन, नफा न कमावता भाषांतर करायची मुभा देतो. इंग्रजी येणाऱ्या नोकरदार भीमसैनिकांनो, समाजाचे ऋण फेडायची भाषा नेहमी वापरता ना? मग वर्षाला एका व्याख्यानाचे मराठी करा! आणि तमाशा, जलसा, लेणी, सत्यशोधक चळवळ यांवर आपल्या अभ्यासकांची व्याख्यानेही मराठीत मुद्रित करा. नाहीतर आपला इतिहास पुन्हा दुसराच कोणीतरी सांगेल.

सरकारलाही बजावून ठेवतो: मुद्रित व्याख्याने हे प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा न भरण्याचे निमित्त होऊ शकत नाही. वर्ग हा आमचा हक्क आहे, तो आम्ही भांडून घेऊ. पण भरती होईपर्यंत आमचे शिक्षण थांबणार नाही.

येत्या रविवारी आपल्या विहारात पडदा लावा. पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.

जय भीम!