समुपदेशकाला संचमान्यतेत जागा द्या

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील विद्यार्थी आत्महत्यांचा आकडा १३,०४४ आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या. इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. तरीही आपल्या अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या हिशेबात, मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक मोजले जातात, समुपदेशक नाही. संचमान्यता नाही म्हणून वेतन अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हणून समुपदेशक असणे-नसणे संस्थाचालकांच्या मर्जीवर.

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. पुढचे काम कायदेमंडळांचे आहे.

धोका आहे तो ‘पात्र’ या अटीलाच बगल दिली जाण्याचा. एखाद्या शिक्षिकेला दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यायचे, वर्गाच्या दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावायची आणि अहवाल वर पाठवायचा, हे आपल्याकडे सहज होऊ शकते. जी बाई गुण देते, पालकांना बोलावून घेते, तिच्यापाशी मूल घरातली मारहाण किंवा मनात येणारे मरणाचे विचार कसे बोलेल? आणि जिथे समुपदेशक नेमलेले असतात, तिथेही त्यांना ऑफ तासाला वर्गावर पाठवले जाते.

याहून गंभीर गोष्ट नोकरीच्या असुरक्षिततेची आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. आता आरोपी शाळेतलाच असेल आणि समुपदेशकाचा करार दर वर्षी त्याच संस्थेने वाढवायचा असेल, तर त्याने कोणाच्या भरवशावर तोंड उघडायचे? बदलापूरच्या शाळेतील २०२४ च्या लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर हा प्रश्न टाळता येणार नाही. समुपदेशकाची नोकरी पक्की असणे ही मुलांच्या सुरक्षिततेचीच बाब आहे.

म्हणून समुपदेशकांनी आता विधिमंडळाचे दार ठोठावले पाहिजे. शिक्षकांचे सात प्रतिनिधी विधान परिषदेत बसतात, त्यांना भेटा. आपापल्या मतदारसंघातल्या आमदारांना भेटा. मुलांची नावे आणि ओळख पूर्ण झाकून कामाचा हिशेब समोर ठेवा: शाळेत मुले किती, महिन्याला किती जण बोलायला आली, कितींना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे लागले, त्यांतली किती पोहोचलीच नाहीत. शाळेच्या दालनात बंद राहिलेली ही माहिती तारांकित प्रश्नात आणि लक्षवेधीत आली, तर मंत्र्यांना उत्तर द्यावेच लागेल.

केंद्राकडेही मागणी जायला हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, समुपदेशकाची नाही. कलम २० नुसार ही अनुसूची केंद्र सरकारला अधिसूचना काढून बदलता येते. त्यासाठी नवे विधेयक लागत नाही. राज्याने मात्र दिल्लीची वाट पाहत बसू नये. संचमान्यतेचे निकष शासन निर्णयाने ठरतात. येत्या अधिवेशनात समुपदेशकाचे पद त्यात घालण्याची घोषणा व्हावी, आणि त्याच अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत त्यासाठी पैसा दाखवला जावा.