‘किती इंची दाखवू?’ हा प्रश्न शेवटी विचारा



इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकायचंय, किंवा चालू मोबाईल शॉपीत चार टीव्ही ठेवायचेत, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो. ग्राहक दारात आला आणि म्हणाला, “जुना टीव्ही गेला, नवीन दाखवा.” तुमचं पहिलं वाक्य काय असेल?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: “किती इंची दाखवू?”

माझं मत यावर पक्कं आहे. आपल्या नांदूरघाटसारख्या गावात, केज तालुक्यात, बीड जिल्ह्यात धंदा करायचा असेल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. इंच तर ऑनलाइनवाला पण विकतो, आणि तुमच्यापेक्षा स्वस्त विकतो. ग्राहकाच्या खोलीला कुठला पॅनल चालेल हे फक्त तुम्हीच सांगू शकता, कारण त्याची खोली तुम्हाला माहिती आहे. तुमचं खरं भांडवल ते आहे. ते वापरलं नाही तर तुम्ही फक्त खोकी उचलून देणारे.

आधी विचारा: जुन्या टीव्हीला झालंय काय?

नवीन विकायच्या आधी जुन्याची चौकशी करा. चार प्रकार असतात, पाठ करून ठेवा.

१. आवाज येतो, पण पडदा काळा. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पडद्याजवळ तिरपा धरायला सांगा. आत चित्र अंधुक हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. पट्ट्या बदलता येतात.

२. काहीच नाही, लाल दिवासुद्धा नाही. आधी प्लग आणि वायर बघायची. ते ठीक असेल तर बहुतेक वेळा पॉवर सप्लायचं काम असतं. उन्हाळ्याच्या शेवटी विजा कडाडल्या की अशा तक्रारी येतातच. हे पण दुरुस्त होतं.

३. उभ्या रेघा, अर्धा पडदा पांढरा. इथं दोष बहुतेक पॅनलमध्ये किंवा त्याच्या कडेच्या पट्टी-जोडणीत असतो. दुरुस्ती झाली तरी टिकेल याची खात्री नाही.

४. काच फुटली. टीव्हीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा पॅनलचाच असतो, म्हणून पॅनल बदलणं नवीन टीव्हीच्या जवळपास जातं. आणि पडून, आपटून फुटलेली काच साधारणपणे वॉरंटीत बसत नाही.

पहिले दोन प्रकार असतील तर ग्राहकाला मेकॅनिककडे पाठवा. (स्वतः मागचं झाकण उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या पॉवर सप्लायमध्ये करंट साठलेला असू शकतो.) तुम्ही म्हणाल, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं? हो, पाठवायचं. आपल्याकडे टीव्हीचा पैसा येतो कुठून ते बघा. सोयाबीन विकलं तेव्हा, नाहीतर सहा महिने ऊसतोड करून माणूस गावाकडं परतला तेव्हा. त्या पैशाला बियाणं, शाळा, दवाखाना अशा दहा वाटा असतात. त्यातले पंधरा-वीस हजार तुम्ही विनाकारण खर्च करायला लावले आणि नंतर त्याला कळलं की साध्या पट्ट्या गेल्या होत्या, तर तो परत येणार नाही. त्याची भावकी पण येणार नाही. गावात जाहिरात तोंडातोंडी होते, आणि बदनामी पण.

‘एलईडी’ हा पॅनल नाही

आता खरंच नवीन घ्यायचाय असं धरू. ग्राहक म्हणतो, “एलसीडी नको, एलईडी द्या.” इथंच दुकानदाराचं ज्ञान उघडं पडतं.

एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. तो बारीक बारीक झडपांचा पडदा आहे, उजेड मागून येतो. पूर्वी मागे बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडी दिवे असतात. म्हणजे आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो एलसीडीच आहे, दिवा तेवढा बदलला. फरक पडतो तो झडपांच्या प्रकारानं. आपल्या कामाचे प्रकार दोन: आयपीएस आणि व्हीए.

आयपीएस: बाजूनं, खालून, कुठूनही बघा, रंग फारसे बदलत नाहीत. पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ च्या आसपास.

व्हीए: काळा चांगला काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ ते ५०००:१. पण समोरून बाजूला सरकलात की रंग फिके पडतात, चेहरे पांढुरके होतात.

इंटरनेटवर टीव्हीचे परीक्षण करणारे बरेच जण व्हीएला जास्त मार्क देतात. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पडदे लावलेली खोली, समोर सोफा, दोन माणसं, रात्री सिनेमा. आता आपलं घर डोळ्यापुढं आणा. दहा बाय बाराची समोरची खोली, दार दिवसभर उघडं, बाहेरचा उजेड थेट आत. टीव्ही शोकेसच्या वर किंवा भिंतीवर उंच टांगलेला, पोरांचा हात पोचू नये म्हणून. बघणारे खाली सतरंजीवर. आजी कोपऱ्यात, पोरं एका बाजूला, स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी. बरोबर समोर बसलेला माणूस एखादाच. बाकी सगळे बाजूनं आणि खालून बघतात.

अशा घराला मी आयपीएसच सुचवतो. दिवसाउजेडी खोलीत काळा किती काळा आहे हे तसंही कळत नाही, पण बाजूचा फिका रंग रोज डोळ्याला खुपतो. ग्राहक रात्री दिवा बंद करून समोरून सिनेमे बघणारा असेल तर खुशाल व्हीए द्या.

ओळखायचं कसं? खोक्यावर हे क्वचितच लिहिलेलं असतं, आणि कधी कधी एकाच मॉडेलच्या दोन लॉटमध्ये वेगळे पॅनल निघतात. म्हणून दुकानात तपासा. माणसाचा चेहरा असलेलं चित्र थांबवा आणि बाजूला जाऊन बघा, मग खाली बसून बघा. दुसरी तपासणी: अंधार करून पूर्ण काळं चित्र लावा, राखाडी झाक किती येते ते बघा. तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक मॉडेलची ही नोंद वहीत ठेवा.

मोठी नावं कुणासाठी?

क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच, फक्त मागच्या उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉटचा थर घातलेला. रंग खरंच उठावदार होतात. याच क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, म्हणजे शास्त्र खोटं नाही. पण खालचा पॅनल आयपीएस आहे की व्हीए हा प्रश्न तसाच उरतो.

मिनी एलईडीत मागचे दिवे खूप बारीक आणि खूप जास्त असतात. ते गटागटानं कमी-जास्त होतात, म्हणून उजेडाच्या खोलीत पण चित्र जोरदार दिसतं. बजेट असेल तर आपल्या उघड्या दाराच्या घराला हा चांगला पर्याय आहे.

ओलेड वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, मागे दिवाच नाही. काळा म्हणजे पूर्ण काळा, बाजूनंही रंग चांगले. पण किंमत जास्त, आणि एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा बसू शकतो. म्हणून हॉटेलात दिवसभर बातम्यांचं चॅनल किंवा सलूनमध्ये दरपत्रक दाखवायला ओलेड कुणी मागितला तर सरळ नाही म्हणा.

अजून एक गोष्ट. घरी सिग्नल कुठला येतो ते विचारा. डीडी फ्री डिशवरचे बहुतेक चॅनल एसडी आहेत, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके. फोर-के टीव्हीत ३८४० बाय २१६० ठिपके असतात. जवळून बघायच्या ५५ इंचीवर ते एसडी चित्र ताणलं की पुसट दिसणारच. दुकानात डेमो व्हिडिओ भारी दिसतो, घरी गेल्यावर ग्राहक म्हणतो टीव्ही खराब आहे. म्हणून डेमो फ्री डिश लावूनच द्या, आणि दुकानाचा भडक मोड बंद करून द्या.

ब्रँड आणि पॅनल वेगळे

नवीन मित्र म्हणतात, “सर, मोठा ब्रँड ठेवला की झालं.” ब्रँडनं सर्व्हिस मिळते, त्याला माझा विरोध नाही. पण भारतात बहुतेक टीव्ही फक्त जोडले जातात. पॅनलची मूळ काच, जिला ओपन सेल म्हणतात, ती बहुतांश आयात होते, मुख्यतः चीनमधून. सॅमसंगच्या पॅनल बनवणाऱ्या कंपनीनं २०२२ मध्ये एलसीडी बनवणं बंद केलं. म्हणजे सॅमसंगचा एलसीडी टीव्ही आज घेतला तर पॅनल दुसऱ्या कुणाचा तरी असणार.

आणि पॅनल बदलला की धंदा कसा बदलतो याचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. व्हिडिओकॉन. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण रोडला चितेगावचा कारखाना. एका पिढीनं घरातला पहिला रंगीत टीव्ही याच नावाचा बघितला. २००५ मध्ये या कंपनीनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधल्या कारखान्यांसकट. त्याच काळात जग ट्यूब सोडून सपाट पडद्याकडे चाललं होतं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारणं अनेक होती, टेलिकॉम होतं, डोंगराएवढं कर्ज होतं. सगळं खापर ट्यूबवर फोडणं चुकीचं ठरेल. पण धडा घ्यायचा तो घ्याच: काल खपत होतं म्हणून उद्या खपेल असं धरून माल भरू नका. एकाच प्रकारचे वीस नग भरण्यापेक्षा तीन प्रकारचे दोन-दोन नग ठेवा, म्हणजे तुलना दाखवता येते.

“सर, ग्राहक फक्त भाव विचारतो”

हा आक्षेप मला नेहमी येतो, आणि तो खरा आहे. ग्राहक ‘आयपीएस द्या’ म्हणत नाही, म्हणणारही नाही. त्यानं म्हणायची गरज नाही. आयपीएस हा शब्द तुमच्या वहीत राहू द्या. त्याला एवढंच सांगा: “दादा, हा घ्या, आजी कोपऱ्यात बसली तरी तिला नीट दिसेल.” मग त्याला दोन्ही टीव्हीच्या बाजूला उभं करा. पुढं बोलायची गरज पडत नाही.

भावाचंही बघू. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंत तो आधीच १८ होता. करापूर्वीची किंमत २०,००० धरली तर २५,६०० चा टीव्ही २३,६०० ला आला. हे वाचलेले २,००० रुपये ग्राहक आपोआप मोठ्या इंचात घालतो. तुमचं काम आहे सांगणं की यातून चांगला पॅनल घ्या, किंवा एक चांगला स्टॅबिलायझर घ्या. आपल्याकडच्या विजेच्या चढउतारात तो पैसा वाया जात नाही.

ऑनलाइनशी भावात भिडू नका, हराल. पण ऑनलाइनवाला कुणाच्या घरी जाऊन टीव्ही दोन फूट खाली टांगा, जरासा पुढं झुकवा असं सांगत नाही. तुम्ही सांगू शकता. भिंतीवर बसवून देणं, फ्री डिश जोडून देणं, जुना टीव्ही घेऊन अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे पाठवणं, यात तुमचा नफा आणि तुमचं नाव दोन्ही आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

दुकान सुरू व्हायच्या आधीच करा. ओळखीच्या पाच घरांत जा. टीव्ही किती उंचीवर आहे, कोण कुठं बसतं, उजेड कुठून येतो, सिग्नल कुठला आहे, हे चार रकाने वहीत भरा. मग प्रत्येक घरासमोर लिहा: आयपीएस, व्हीए की मिनी एलईडी, आणि त्यानंतर इंच.

पाचही घरांना उत्तर एकच आलं तर परत जाऊन नीट बघा. वेगवेगळी आली तर तुम्ही टीव्ही विकायला तयार आहात. तुमची पाच घरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.