कलेची पहाणी कोणाच्या नावावर?

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्याची ही आठवण. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, भाषणे होतात. पण भाव्यांना नाटक बसवायला मुळात का सांगितले गेले, हे त्या भाषणांत सहसा ओझरतेही येत नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसे खेळ मराठीत उभे करण्यास सांगितले. ही मंडळी होन्नावरजवळच्या कर्की गावची यक्षगान मंडळी होती, असे अनेक अभ्यासक मानतात. कर्की म्हणजे आपलाच उत्तर कानडा जिल्हा! आपल्या मराठी घरांतील किती मुलांना हे ठाऊक आहे?

नाही, कारण आपण सांगत नाही. १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आपल्या मनात एक धास्ती बसली आहे. कानडीचे ऋण कबूल केले तर आपला दावा लंगडा पडेल, असे आपल्याला वाटते. जमिनीला पहाणी असते, तशी कलेलाही असावी आणि तिच्यावर एकच नाव असावे, असा आपला हट्ट. पलीकडचेही काही कमी नाहीत. पण त्यांचा समाचार त्यांच्या दिवाळी अंकात कोणीतरी घेईल. मला घरच्यांशी बोलायचे आहे.

या धास्तीवरचा उतारा मला जपानच्या राजदरबारात सापडतो. तेथे हजार वर्षांहून अधिक काळ ‘गागाकु’ हे संगीत आणि त्यावरची ‘बुगाकु’ नृत्ये जपली गेली आहेत. त्यांतील एका प्रकाराचे नाव ‘तोगाकु’, म्हणजे चीनच्या तांग राजवटीचे संगीत. दुसऱ्याचे ‘कोमागाकु’, म्हणजे कोरियाकडचे. चीनकडून आलेली नृत्ये ‘डावी’, त्यांचा पोशाख प्रामुख्याने तांबडा. कोरियाकडची ‘उजवी’, त्यांचा हिरवा. दोन्ही एकाच मंचावर होतात. काही नृत्यांचे श्रेय तर परंपरेने भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूला आणि त्याच्या चंपा देशातील साथीदाराला दिले जाते. हा बोधिसेन ७३६ साली जपानला पोचला आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन त्याच्या हातून झाले. जपान्यांनी ही उगमाची नावे पुसली नाहीत. म्हणून गागाकु कमी जपानी ठरले काय? २००९ साली युनेस्कोने ते जपानचा वारसा म्हणूनच आपल्या यादीत घेतले.

कोणी म्हणेल, “गुरुजी, जपानी भाषेच्या मुळावर कोण उठले होते? ज्याचे घर शाबूत, त्याला औदार्य परवडते.” आक्षेप खरा आहे. मराठी शाळा टिकावी, मराठी माणसाला मराठीत कागद मिळावा, ही मागणी मीही तसूभर सोडणार नाही. पण जपानचीच दुसरी बाजू पाहा. चीनचे ऋण मानणाऱ्या याच देशाने उत्तरेकडील ऐनू लोकांना मात्र जपानी करून टाकण्याचे धोरण चालवले. त्याला बळ देणारा १८९९ चा कायदा रद्द व्हायला १९९७ साल उजाडले. ऐनूंचे नृत्यही २००९ सालीच युनेस्कोच्या यादीत आले, पण तोवर त्यांची भाषा मरणपंथाला लागली होती. थोरल्याचे ऋण मानणे सोपे. धाकट्याला आपल्या ओटीवर बसवणे कठीण.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या सिद्दी मुलांना दमाम वाजवून नाचायचे होते. “वेळ नाही,” म्हणून यादीतून त्यांचे नाव मी स्वतः खोडले. त्याच संध्याकाळी चित्रपटगीतांवर तीन नाच झाले; त्यांना वेळ होता. दमाम पाठीला अडकवून घरी निघालेला मुलगा मला फाटकापाशी दिसला. त्याने नमस्कार केला. त्या नमस्काराचे ओझे अजून उतरलेले नाही.

जोयड्याच्या रानात सिद्द्यांचा दमाम आहे, कुणब्यांची गाणी आहेत. ती मराठीची की कानडीची, हा वाद घालणाऱ्या दोघांनाही ती नीट ऐकायला सवड नाही. वाद चालू राहील आणि वाजवणारे हात निघून जातील. मग पहाणीवर नाव कोणाचे का असेना, शेत पडीकच!

म्हणून यंदा रंगभूमी दिनाला भाव्यांच्या तसबिरीला हार घालताना कर्कीचे नावही मोठ्याने घ्या. संमेलनात यक्षगानाच्या भागवताला बोलवा, आणि दमामाला वेळ द्या, तोही शेवटी उरलेला नव्हे. स्वतःच्या भाषेचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या ढोलावर हात ठेवून तो बंद करू नये. केला, तर आपली मागणी ऐकायला उद्या कोणी का थांबावे?