सिनेमातल्या गावात मुलाणी का नाही?

मराठी सिनेमात मुसलमान कुठे आहे, असं विचारलं की लगेच 'शेजारी'चं नाव पुढे केलं जातं. शांतारामबापूंचा 1941चा तो चित्रपट मोठाच आहे, वाद नाही. आदल्याच वर्षी लाहोरचा ठराव झालेला, आणि हे जिवबा पाटील आणि मिर्झाची दोस्ती दाखवतात. छाती लागते त्याला! पण त्यासोबत जी गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू झाला, ती हिंदी 'पडोसी'ची आहे. तिथे मिर्झा गजानन जागीरदार आणि ठाकूर मझहर खान. मराठीत मिर्झा जागीरदारच, जिवबा मात्र केशवराव दाते. अदलाबदल मराठीपर्यंत आलीच नाही.

अर्थात नटांच्या धर्माचा हिशेब मला मांडायचा नाही. 1961 मध्ये 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'मध्ये मिकी रूनीला खोटे दात लावून जपानी शेजारी बनवलं. ते वाईट, कारण ती टिंगल होती. त्याच वर्षी 'प्रपंच'मध्ये आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख गरीब देवा कुंभार झाले. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. देवाचे हाल बघताना ते कुणाला आठवतं?

माझं भांडण वेगळं आहे. त्या काळच्या ग्रामीण चित्रपटांत पाटील आहे, सावकार आहे, तमासगिरीण तर आहेच आहे. मग गावगाड्यातला मुलाणी, पिंजारी, आतार, तांबोळी कुठे गेला? तो शोधावा लागतो. सापडलाच तर एका प्रसंगापुरता, दाढी चिकटवलेला, 'हम आयेगा, तुम जायेगा' म्हणणारा. हे कोण बोलतं हो? आमच्या दुधनीत घरात दखनी, अडत बाजारात कन्नड आणि कचेरीत मराठी चालते. दखनीने तर मराठीचा 'च' कधीच उचललाय: मैंच, यहींच. हिंदीने 'चौदहवीं का चाँद', 'मेरे मेहबूब'मधून लखनवी थाटाचे मुसलमान दिले. त्यांची नजाकत आम्हालाही परकीच.

वर पुन्हा ऐकवतात, मुसलमान मराठी सिनेमा बघतच नाहीत. माझ्या उर्दूच्या वर्गात येऊन विचारा. 2016च्या 'सैराट'मधला सल्या पोरांना तोंडपाठ आहे. सलीम शेख, आपल्याच जिल्ह्यातला, अस्सल सोलापुरी मराठी बोलणारा. तो एकात्मतेचं भाषण देत नाही. दोस्तासाठी धावपळ करतो, मार खातो. 'शेजारी'नंतर 75 वर्षांनी आला.