समुद्राचा जंतू, मेळघाटची विहीर

जुलै 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात कॉलऱ्याची साथ आली. मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी, कोयलारी आणि आसपासची गावे, शिवाय अमरावती तालुक्यातले नया अकोला. महिन्याच्या मध्यापर्यंत 181 रुग्ण आणि पाच मृत्यू अशी नोंद झाली. केंद्राचे पथक आले. वीजबिल थकल्याने नळयोजना बंद पडली आणि लोकांवर उघड्या विहिरीचे पाणी पिण्याची वेळ आली, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून गाजले. पण ज्या जंतूने ही माणसे नेली त्याचे मूळ घर समुद्राकाठी आहे, याची फारशी चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी, कारण दोष नेमका कुठे आहे हे त्यातून उमगते.

विब्रिओ कॉलरी हा खाडीच्या मचूळ पाण्यातला जुना रहिवासी. तिथे कोपेपॉड नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव असतात. त्यांच्या कवचातल्या कायटिनला हा जंतू चिकटतो, ते पचवतो आणि त्यावर जगतो. कोळंबी, खेकडे, कोपेपॉड यांची टाकलेली कवचे समुद्रात साचून राहत नाहीत, याचे श्रेय अशाच जंतूंना आहे. कायटिनवर बसलेला हा जंतू शेजाऱ्यांची जनुकेही उचलून घेतो, हे 2005 मध्ये दिसून आले. माणसाला मारणारे विष तर त्याचे मूळचे नव्हेच. त्या विषाची जनुके एका विषाणूने त्याच्यात आणून सोडली, हे 1996 मध्ये सिद्ध झाले. मोकळ्या पाण्यातल्या त्याच्या बहुतेक वाणांमध्ये ती जनुके नसतातच.

त्याच्या एका नातलगाची गोष्ट आणखी विलक्षण आहे. हवाई बेटांच्या किनाऱ्यावर बोटाएवढे एक माकूल राहते. अंड्यातून बाहेर पडताना त्याच्या अंगात हा नातलग जंतू नसतो. काही तासांत ते आजूबाजूच्या पाण्यातल्या असंख्य जंतूंमधून नेमका तेवढाच वेचून घेते. जंतू आत आला की माकुलाच्या प्रकाश देणाऱ्या अवयवाची घडणच बदलते. रात्री जंतू उजळतात, त्यामुळे चांदण्यात पोहणाऱ्या माकुलाची सावली खालच्या शिकाऱ्याला दिसत नाही. पहाट झाली की माकूल बहुतेक जंतू बाहेर टाकते आणि उरलेल्यांची संख्या दिवसभरात पुन्हा वाढते. एकाच कुळातला एक जंतू यजमानाचे शरीर घडवतो आणि दुसरा आपल्या यजमानाला काही तासांत कोरडा करतो. फरक यजमान कोण आणि जंतू त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, याचा आहे.

माणसाच्या आतड्यात कॉलऱ्याच्या जंतूचे विष पेशींमधून मीठ आणि त्यामागे पाणी बाहेर काढते. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये हे विष दाखवून दिले. रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. जंतूच्या बाजूने पाहिले तर तो त्याचा पुन्हा पाण्यात परतण्याचा मार्ग आहे. रुग्णाच्या पोटातून नुकताच बाहेर पडलेला जंतू काही तास नेहमीपेक्षा कितीतरी जास्त संसर्गक्षम असतो. शौचाचे पाणी पावसाबरोबर विहिरीत उतरले की दोन दिवसांत अख्खे गाव आजारी का पडते, त्याचे उत्तर इथे आहे. जंतू मचूळ पाण्यातला असला तरी वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्याशी कुणी या साथीचा संबंध जोडू नये. चिखलदऱ्याची गावे सातपुड्याच्या डोंगरात आहेत, पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यात नाहीत. जंतू इथवर येतो तो माणसांबरोबर, आणि टिकतो तो आपण उघड्या ठेवलेल्या पाण्यात.

या विषाची एक मर्यादा आहे. साखर आणि मीठ एकत्र शोषून घेणारी आतड्यातली वाट ते बंद करू शकत नाही. म्हणून साखर-मिठाचे पाणी जीव वाचवते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनवीस यांनी हेच पाणी पिपांतून वाटले आणि 30 टक्क्यांच्या घरातले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आणले. वेळेत उपचार मिळाले तर आज हे प्रमाण एक टक्क्याच्या आत राहायला हवे. अमरावतीत 181 पैकी पाच, म्हणजे शेकडा पावणेतीन. सौम्य आजाराचे अनेक रुग्ण नोंदलेच गेले नसतील, हे धरूनही हा आकडा मान खाली घालायला लावणारा आहे. आपण एका युद्धकालीन छावणीच्या जवळपास आहोत, आणि तेही पन्नास वर्षांनंतर, दवाखाने आणि रस्ते असलेल्या जिल्ह्यात.

कोपेपॉडला चिकटून राहण्याची या जंतूची सवय माणसाच्या कामी आली आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांनी जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळले आणि कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले, असा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. गाळणीत कोपेपॉड अडकतात आणि त्यांच्यावर बसलेले जंतूही. मेळघाटात जुन्या लुगड्यांना तोटा नाही. पण गाळलेले पाणी पूर्ण शुद्ध नव्हे आणि शासनाची जबाबदारी लुगड्याच्या पदरावर ढकलता येणार नाही.

पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर, त्यातला क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी, जलसुरक्षक, धोक्याचे स्रोत असलेल्या ग्रामपंचायतींना लाल कार्ड, ही सगळी व्यवस्था कागदावर आहे. ती मृगापूर्वी प्रत्येक पाड्यावर पोचली पाहिजे. जिल्हा परिषदेने प्रत्येक आशाताईकडे पावसाळाभर पुरेल इतके ओआरएस, म्हणजे त्याच साखर-मिठाची पाकिटे, द्यावे. आणि गावाकडे थकबाकी कितीही असो, पिण्याच्या पाण्याच्या पंपाची वीज जून ते सप्टेंबर तोडायची नाही, असा लेखी आदेश शासनाने काढावा. थकबाकी पुढच्या वर्षीही वसूल होते.