सिगार-वाइन आणि विडी-मोहाची

कोणत्या वाइनसोबत कोणता सिगार ‘जमतो’, यावर शहरात रसिकतेच्या गप्पा रंगतात. मैत्रिणींनो, आपल्या शहापूर-मुरबाडकडे ही जोडी नवी आहे का? विडी आणि मोहाची, तीच ती! नाव आणि किंमत बदलते, दुखणं बदलत नाही. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून तो निर्धोक म्हणे! पण तो तोंडात घोळतो, आणि दारूमुळे तंबाखूचं विष तिथे सहज मुरतं. दोन्ही एकत्र आली की तोंडा-घशाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचं ठरवलं, शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून. विरोध झाला, तेव्हा लोकांच्या हरकती मागवाव्या लागल्या. द्राक्षवाल्याला भाव मिळायलाच हवा. पण किराण्याच्या यादीत बाटली शिरली, तर कात्री कुठल्या खर्चाला लागते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

परवान्याचं दुकान मतदानाने बंद करायची ‘आडवी बाटली’ आपल्या हातात आहे; हातभट्टी तर बेकायदाच. बाटलीवर रसिकतेचं लेबल लागलं तरी ती बाटलीच. पुढच्या ग्रामसभेत हे बोलायचं ना?