गडचिरोलीचे बारा कधी वाजतात?

मुलांनो, दुपारचे बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असं आपण सहज बोलून जातो. पण वर्षभराची सरासरी काढली, तर गडचिरोलीत घड्याळाचे बारा वाजतात तेव्हा सूर्याला आकाशात सगळ्यात उंच यायला अजून दहा मिनिटं असतात. चंद्रपूरला तेरा मिनिटं, आणि मुंबईला तर तब्बल एकोणचाळीस! मग खोटं कोण, घड्याळ की सूर्य?

दोघंही खरेच. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश. त्यामुळे पूर्वेकडच्या गावाची मध्यान्ह आधी होते, पश्चिमेकडच्या गावाची नंतर. आपल्याकडे पूर्वी लग्नात घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटं. गणित करून पाहा बरं, एका घटकेत पृथ्वी किती अंश फिरली? सहा!

आता हेच उलटं वापरा. आपल्या गावची वेळ दाखवणारं घड्याळ बरोबर घेऊन तुम्ही जहाजावर निघालात. भर समुद्रात सूर्य सगळ्यात उंच आला आणि घड्याळात दोन वाजले होते. म्हणजे तुम्ही घरापासून ३० अंश पश्चिमेला आलात. उत्तर-दक्षिण ओळखायला ध्रुवतारा किंवा सूर्याची उंची पुरते, पण पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश, हवा तर घड्याळच लागतं.

इथंच घोडं अडलं होतं. घटिकापात्र जहाजाच्या हेलकाव्यात कसं टिकणार? लंबकाच्या घड्याळाचीही तीच गत. १७०७ मध्ये इंग्रजांची चार लढाऊ जहाजं आपण नक्की कुठं आहोत हे न कळल्यानं सिली बेटांजवळ खडकांवर फुटली, हजाराहून जास्त खलाशी बुडाले. मग १७१४ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं जाहीर केलं, की जो अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढून दाखवील, त्याला वीस हजार पौंड!

जॉन हॅरिसन हा सुतारकाम करणारा माणूस. त्याची पहिली घड्याळं चक्क लाकडी होती. त्यानं लंबकाच्या जागी स्प्रिंग आणि भराभर मागंपुढं फिरणारं चक्र आणलं. थंडी-उन्हानं घड्याळ पुढंमागं होऊ नये म्हणून दोन धातूंची जोडपट्टी बसवली. तुमच्या घरच्या ऑटोमॅटिक इस्त्रीत अशीच पट्टी असते. त्याचं चौथं घड्याळ १७५९ मध्ये तयार झालं. बशीएवढं मोठं आणि वजनानं दीड किलो. ते घड्याळ जहाजानं जमैकाला नेलं. ८१ दिवसांनी हिशेब जुळवून पाहिला, तर चूक फक्त पाच सेकंदांची! तरी बक्षिसाचे पैसे काही एकदम हाती पडले नाहीत. ज्यांनी निकाल द्यायचा, त्यांतल्या काही मोठ्या खगोलशास्त्रज्ञांचा भरवसा चंद्राच्या वेधांवर होता. शेवटची मोठी रक्कम मिळाली १७७३ मध्ये. तेव्हा हॅरिसन ऐंशी वर्षांचा होता. मला विचाराल तर हा उशीर फार झाला.

पण कितीही चांगलं असलं, तरी घड्याळ अधूनमधून तपासून घ्यावंच लागतं. त्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये मुंबईला कुलाबा वेधशाळा बांधली. ताऱ्यांचे वेध घेऊन अचूक वेळ काढायची आणि जहाजांना कळवायची, हे तिचं एक मुख्य काम. बंदरातल्या उंच खांबावरून ठरलेल्या क्षणी एक मोठा गोळा खाली पडे. तो बघून कप्तान आपलं घड्याळ तपासून घेई. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेचे प्रमुख होते, हे तुम्हांला माहीत होतं का? केरूनाना छत्रेही तरुणपणी इथं काम करत. पुढं ते लोकमान्य टिळकांचे गुरू झाले.

तेव्हा गावोगावची वेळ वेगळी असायची. रेल्वे मात्र १९०५ पर्यंत मद्रासच्या वेळेवर चालली. आता नकाशा उघडा. मद्रास (आजचं चेन्नई) सव्वाऐंशी रेखांशावर आणि गडचिरोली ऐंशीवर. म्हणजे अख्ख्या देशाची रेल्वे जवळजवळ आपल्या गडचिरोलीच्या वेळेनं धावत होती! १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची घड्याळं एकदम ३९ मिनिटं पुढं गेली आणि गिरणी कामगार भडकले. साहजिकच आहे, रोज तेवढं लवकर उठायचं कुणी? मुंबई महापालिकेनं तर आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही.

आता तुमचा रेखांश तुम्हीच काढा. १५ एप्रिलला करा, कारण सूर्य वर्षात थोडा पुढंमागं होत असतो आणि त्या दिवशी तो फरक जवळपास शून्य असतो. सपाट अंगणात मीटरभर उंचीची काठी ओळंब्यानं सरळ उभी करा. तिच्याभोवती फूटभर त्रिज्येचं वर्तुळ काढा. अकराच्या सुमारास सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल, ती वेळ मोबाइलवर बघून लिहा. एक वाजून गेल्यावर टोक पुन्हा शिवेल, तीही लिहा. दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तुमच्या गावची मध्यान्ह. ती बाराच्या पुढं जितकी मिनिटं असेल, त्याला चारनं भागा आणि उत्तर ८२.५ मधून वजा करा. गडचिरोलीत १२ वाजून १० मिनिटं आली, तर १० भागिले ४ म्हणजे अडीच, उरले ८०. प्राणहितेकाठच्या सिरोंच्याच्या मुलांनाही हेच उत्तर यायला हवं, कारण सिरोंचा गडचिरोलीच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. एका मिनिटाची चूक झाली, तर मात्र तुमचं गाव सव्वीस किलोमीटर सरकलंच म्हणून समजा!

डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय एप्रिलच्या उन्हात जायचं नाही. तो दिवस हुकला तर १३ जूनही चालतो, पण तोवर मृग लागलेला असतो, ढगांचा नेम नाही. त्यापेक्षा २५ डिसेंबर बरा. तेव्हा सावल्या लांब पडतात, म्हणून वर्तुळ चांगलं चार फूट त्रिज्येचं काढा.